पायांतली चाल

मागच्या वर्षी मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला ग्लासगोला गेले. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि विमानतळावर बॅग उघडतील ही धास्ती. बॅग कुणी उघडली नाही. लेकीचं घर डेनिस्टन भागात, लाल दगडाच्या जुन्या चारमजली इमारतीत. जिना सगळ्यांचा एकच. पोचल्याच्या तिसऱ्या दुपारी त्या जिन्यातून एक आवाज वर आला. जत्रेत पोरं पिपाण्या घेतात ना, तसला. किंचित घशात अडकलेला. एकच ओळ पाच वेळा, दहा वेळा. मग थांबून त्यातला नेमका एक तुकडा, पुन्हा पुन्हा. माझं बालपण आत्याच्या मागं तंबोरा धरून बसण्यात गेलंय, त्यामुळं एवढं लगेच कळलं की हा माणूस कच्चा नाही. कच्चा माणूस सगळं गाणं एकदम वाजवायला जातो.

"पाइपवाले काका," लेक म्हणाली. आम्ही घरात त्यांना तेच नाव ठेवलं. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर बस चालवली, त्याआधी काही वर्षं फौजेत बॅगपाइप वाजवायचे. बाळ येणार हे कळल्यावर त्यांनी आधीच दाराखालून चिठ्ठी सरकवली होती, आवाजाचा त्रास झाला तर सांगा म्हणून. असल्या माणसाकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? लाडवांचा डबा घेऊन मी आणि लेक खाली गेलो. त्यांचं इंग्रजी ग्लासगोचं, माझं मिरजेचं. लेक मध्ये बसून इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करत होती.

मी कौतुक म्हणून म्हटलं, "छान वाजवता तुम्ही. फक्त मला सगळं एकसारखंच वाटतं." लेकीनं डोळे वटारले. काका मात्र हसले. म्हणाले, "बहुतेकांना तसंच वाटतं. कानांनी ऐकू नका. माझे पाय बघा."

पायांत चौकड्यांच्या सपाता होत्या. मी बघत बसले.

त्या दिवशी मला फारसं काही कळलं नाही. पण पुढचे पाच महिने, बाळ झोपलं की दुपारी मी खाली जाऊन बसायची सवय लागली. बाळाचं अंग रगडून, धुरी देऊन, लेकीला खायला घालून झालं की माझ्या हाताशी तासभर उरायचा. त्या तासाचं हे सगळं.

आधी वाद्याबद्दल सांगते, कारण चालींचे प्रकार त्याच्या अडचणींतून आलेत असं मला वाटतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला हा मोठा बॅगपाइप म्हणजे एक पिशवी, तिला फुंकायची एक नळी, बोटं फिरवायची एक नळी आणि खांद्यावर टेकलेल्या तीन लांब नळ्या. बोटं फिरवायच्या नळीला चँटर म्हणतात. तिच्यात सनईसारखी दोन पात्यांची पत्ती असते. खांद्यावरच्या तिघी म्हणजे ड्रोन. त्या फक्त षड्ज धरून असतात, दोघी एक सप्तक खाली, तिसरी दोन सप्तकं खाली. आमच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर दोऱ्याचा तुकडा तारेखाली केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत बसतो. काका ड्रोनचा वरचा तुकडा तसाच सरकवायचे, मान तिरकी करून, डोळे मिटून. तीन षड्ज एकमेकांत विरघळले की त्यांचा चेहरा सैल पडायचा. तो चेहरा मी ओळखते. आत्याचाही तसाच व्हायचा.

स्वर फक्त नऊ. खालच्या सा ला आपला सा मानला, तर एक कोमल निषाद त्याच्याही खाली, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल नि, आणि वरचा सा. संपलं. म्हणजे सरळ खमाज थाट, आणि त्याच्या बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. जुन्या चाली तर त्या नवांतलेही पाचच स्वर घेतात. काही चाली ऐकल्या की मी मनात आपल्या रागाचं नाव घ्यायची, "भूप". काही सरळ दुर्गा. काही मधमाद सारंग. काकांच्या लेखी या तिघी म्हणजे ए, डी आणि जी या त्यांच्याकडच्या स्वरांवरच्या चाली. पाच पायऱ्यांची शिडी तीच, फक्त जमिनीवर वेगळ्या जागी टेकवलेली. ड्रोनचा षड्ज मात्र हलत नाही. त्यामुळं डी वरच्या चालीत त्यांच्या कानाला जिथं घर वाटतं, तिथं माझ्या कानाला मध्यम लागतो. एकाच वास्तूत आम्ही दोघं दोन वेगळ्या दारांनी शिरत होतो. हे त्यांना सांगायला मला दोन दुपारी लागल्या आणि लेकीनं त्यात पडायचं साफ नाकारलं.

आता खरी अडचण. या वाद्याला गप्प बसता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर चँटर वाजतच राहणार. स्वर मध्येच तोडता येत नाही, हळू वाजवता येत नाही, जोरात वाजवता येत नाही. लागोपाठ दोनदा "प" म्हणायचा तर मध्ये काय करणार? श्वास घेऊन थांबायची सोय नाही. मग दोन पंचमांच्या मध्ये वरच्या एखाद्या स्वराचा निमिषभराचा कण टाकायचा. तो कण इतका बारीक, की तो ऐकू येत नाही. दोन पंचम वेगळे झाले एवढंच ऐकू येतं. समेवर जोर द्यायचा तरी कणांचाच. एक कण, दोन कण, पाच कणांचा झुबका. करंगळीनं खालच्या सा वर दोनदा झरकन घासून जायची एक हरकत आहे, तिला बर्ल म्हणतात. ती नीट यायला वर्षं जातात म्हणे. खालून दुपारी ऐकू यायचा तो एकच तुकडा म्हणजे बहुतेक वेळा ही करंगळी. सत्तरीतला माणूस रोज करंगळी घासत बसतो, म्हणून मी त्यांना मानते. आणि हा सराव पिशवीशिवाय, नुसत्या सरावाच्या बारीक चँटरवर. शिकाऊ मुलांना तर कित्येक महिने खरा पाइप हातातच देत नाहीत.

आवाज लहानमोठा होत नाही, थांबत नाही, स्वर नऊच. मग चाल वेगळी करायला उरलं काय? लय. आणि लय कुठं राहते, तर पायांत.

मराठीत आपण गाण्याच्या सुरावटीला चाल म्हणतो आणि माणसाच्या चालण्यालाही चालच म्हणतो. "अमक्या अभंगाच्या चालीवर" आणि "त्याची चालच सांगते" ही दोन वाक्यं मी साठ वर्षं बोलत आलेय, पण दोन्हींत शब्द एकच आहे हे मला ग्लासगोत, एका म्हाताऱ्याच्या सपातांकडं बघताना जाणवलं. त्यांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा शब्द आम्हाला पाहिजे होता."

पायांकडून बघितलं की सगळं सोपं होत जातं. दोन मात्रांची मार्च, म्हणजे कवायतीची चाल: डावा, उजवा, टाच पुरी टेकते. रील: तिथं टाच टेकतच नाही, नाचणारा चवड्यावर असतो आणि स्वर गोल, सपाट, एकामागून एक पळतात. जिग, तीही नाचाचीच: तकिट तकिट, सहा मात्रांची. इथं मी पुढं होऊन "दादरा!" म्हणाले आणि तोंडावर पडले. कारण सहा मात्रांची मार्चही असते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात, सहाच्या सहा. काकांनी दोन्ही वाजवून दाखवल्या. मार्चमध्ये सपात दोनदा जमिनीवर आपटली, जड, विश्वासानं. जिगमध्ये ती नुसती हवेत थरथरत राहिली. मात्रा मोजून प्रकार कळत नाही. त्या मात्रांवर माणूस काय करतोय ते कळलं पाहिजे. आपल्याकडं तरी ओवी मात्रांवरून कोण ओळखतं? जात्याचा खुंटा हातात असला की ती ओवी. पीक कापताना भलरी, पाळण्याची दोरी हातात असली की पाळणा. वारीत पावली खेळताना टाळ पायांना विचारूनच पडतो.

स्ट्रॅथस्पेवर मात्र आम्ही तीन आठवडे अडलो. स्पे नावाची नदी आहे, तिच्या रुंद खोऱ्यावरून हे नाव. चार मात्रा, नाचाचीच चाल, पण रीलसारखी पळत नाही. उडी मारते आणि हवेत क्षणभर थांबते. तिच्यात एक झटका आहे: आखूड स्वर आधी, मोठ्या जोरात, आणि लांब स्वर नंतर. टक्-टाऽ. मग उलटं, टाऽ-टक्. मला हे तोंडानंही म्हणता येईना. माझी जीभ दोन्ही स्वर सारखे करून टाकायची, सारवल्यासारखे. काका म्हणाले की त्यांच्याकडं बाहेरून आलेल्या चांगल्या चांगल्या वादकांचं असंच होतं. स्वर सगळे बरोबर, आणि स्ट्रॅथस्पे मेलेली. शेवटी एकदा मी बाळाला मांडीवर उडवत होते, तर तो झटका आपोआप आला. गुडघा वर जाताना आखूड, खाली येताना लांब. बाळ खदखदलं. काकांनी लगेच तीच लय धरून वाजवायला सुरुवात केली. मला आलेली ही एकुलती एक स्ट्रॅथस्पे.

हॉर्नपाइप नावाचाही एक प्रकार आहे, बोटांची कसरत दाखवायला बरा. मला त्यात फार जीव सापडला नाही. स्लो एअर म्हणजे गाण्यांच्या संथ चाली, आपल्या भावगीतांसारख्या. त्या ऐकायला गोड, पण शब्द काढून घेतल्यावर थोड्या पोरक्या वाटतात.

फौजेतल्या चालींची गोष्ट वेगळी. तिथं चाल म्हणजे घड्याळ. पहाटे उठवायची एक. ती 1745 सालच्या एका लढाईत पळ काढलेल्या कोप नावाच्या सेनापतीची टर उडवणारी, "अजून उठला नाहीस का रे" असं विचारणारी. जेवणाची एक. दिवे मालवायची एक. काका हा दिवस वाजवून दाखवत होते तेव्हा माझ्या डोक्यात काकड आरती ते शेजारती हा सगळा क्रम सरकत होता. दिवे मालवायची ती चाल तुम्हीही ऐकली असेल: 2022 च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीत, वेस्टमिन्स्टर ॲबेच्या सज्जात एकच पाइपवाला ती वाजवत होता आणि वाजवता वाजवता चालत दूर गेला. टीव्हीवर मी तेव्हा ती शोकगीत म्हणून ऐकली होती. ती झोपवायची चाल आहे. कळल्यावर जास्त लागली.

आणि रिट्रीट. 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातलं बीटिंग रिट्रीट आपण दरवर्षी बघतो, आणि मी आजवर त्याचा अर्थ "माघार" असाच धरून होते. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यात माघार कसली, असा प्रश्नही मला कधी पडला नव्हता. रिट्रीट म्हणजे तिन्हीसांजेला सैनिकांना छावणीत परत बोलावणारा नगारा. त्या वेळच्या मार्चेस बऱ्याचदा तीन मात्रांच्या. दोन पायांच्या माणसानं तीन मात्रांवर चालायचं कसं? चालून बघा. सम एकदा डाव्या पायावर येते, पुढच्या वेळी उजव्या. त्यामुळं चाल आपोआप थोडी डुलते, दिवसभराच्या कामावरून घरी येणाऱ्या माणसासारखी. यातली सगळ्यात लाडकी चाल डोंगराळ मुलखातली नाहीच. क्रिमियाच्या युद्धात एका स्कॉटिश पलटणीच्या पाइप मेजरनं, म्हणजे पाइपवाल्यांच्या म्होरक्यानं, सार्डिनियाच्या बँडकडून एक सुरावट ऐकली, आवडली, नऊ स्वरांत बसवली. ती होती रोसिनीच्या 1829 सालच्या विल्यम टेल या ऑपेरातली. इटालियन माणसाचा ऑपेरा, स्विस नायक, चालीचं नाव आल्प्समधल्या टिरोलच्या हिरव्या डोंगरांचं, आणि ती वाजते स्कॉटलंडच्या संध्याकाळी. हे ऐकल्यावर मला आमचे नाट्यसंगीतवाले आठवले. कुठून कुठून चाली उचलल्या आणि आपल्या करून टाकल्या.

मला फौजेचा बॅगपाइप नवा नव्हता. माझा मामा बेळगावच्या कॅम्पात राहायचा, तिथं लहानपणी लांबून हा आवाज ऐकलेला. आम्हाला तो इंग्रजांनी ठेवून दिलेल्या वस्तूंपैकी एक वाटायचा, पोस्टाच्या पेटीसारखा. गढवाल-कुमाऊँत त्याला मशकबीन म्हणतात आणि ढोल-दमाऊबरोबर लग्नात वाजवतात. तिथं आता तो कुणाला परका वाटत नाही. आणि पाकिस्तानातल्या सियालकोटला तर बॅगपाइप बनवायचे कारखाने आहेत. काकांचा पहिला पाइप सियालकोटचाच होता. त्याबद्दल ते फार चांगलं बोलले नाहीत, पण नातवाला शिकायला काय घ्यायचं म्हटल्यावर तोच माळ्यावरून काढला.

खुद्द इंग्रजांना हे वाद्य एके काळी नको होतं, ही त्यातली गंमत. 1746 साली कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या डोंगरातलं बंड मोडलं. त्या बंडात पकडलेला जेम्स रीड नावाचा एक पाइपवाला कोर्टात म्हणाला, मी शस्त्र उचललं नाही, मी फक्त वाजवत होतो. न्यायाधीशांनी सांगितलं, डोंगरातली पलटण पाइपशिवाय कधी निघत नाही, तेव्हा पाइप हेही युद्धाचंच हत्यार. त्याला यॉर्कला फाशी दिलं. पुढं 1854 मध्ये त्याच सरकारच्या फौजेनं पाइपवाल्यांची पदं अधिकृत केली. पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं की कलोडननंतर कायद्यानं बॅगपाइपवर बंदी आली. त्या कायद्यात हत्यारं आहेत, डोंगरी पोशाख आहे, पाइपचा उल्लेख नाही. पण फाशी गेलेला माणूस खरा आहे.

एक चाल काकांनी मला वाजवून दाखवली नाही. 1513 सालच्या फ्लॉडनच्या लढाईत मेलेल्यांची, रानातल्या फुलांच्या नावाची. ती फक्त अंत्यविधीला किंवा स्मरणदिनाला वाजवतात. मग ती शिकायची कशी, असं मी विचारलं. त्यांनी चँटर हातात घेतला, तोंडाला न लावता नुसती बोटं फिरवली, पूर्ण चालभर. खोलीत फक्त बोटांच्या टोकांचा आवाज.

ऑगस्टात लेक म्हणाली, आई, तू जाऊन ये. जागतिक पाइप बँड स्पर्धा ग्लासगो ग्रीनवर भरते, आमच्या घरापासून पायी जाण्यासारखी. सुमारे दोनशे बँड, जगभरातून. पाऊस होता, चिखल होता, आणि कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, चार बँड चार चाली एकाच वेळी वाजवत तयारी करत होते. गणपतीच्या मिरवणुकीत दोन ढोलपथकं एका चौकात आल्यावर होतं तसं. मैदानात आल्यावर बँड गोल करून उभा राहतो, तोंडं आतल्या बाजूला. प्रेक्षकांना दिसतात पाठी आणि पोटऱ्या. मी आधी थोडी खट्टू झाले. मग वाटलं, बरंच झालं, मला पायच बघायचे होते.

तिथं एक प्रकार असतो: मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील, लागोपाठ, मध्ये न थांबता. आधी ढोलांचे दोन छोटे घुमारे, मग सगळ्या ड्रोन एकदम जिवंत होतात, आणि लगेच चाल. मार्चच्या शेवटच्या स्वरावर स्ट्रॅथस्पे चढते, तिच्यावर रील. हवा सलग वाहते, षड्ज हलत नाही, आणि पाय मात्र तीनदा बदलतात. माझ्या शेजारी रेनकोट घातलेली एक बाई उभी होती. तिची टाच मार्चला चिखलात रुतत होती, स्ट्रॅथस्पेला ती गुडघ्यातून उचलली जात होती, आणि रील सुरू झाल्यावर ती चवड्यांवर आली. तिचं स्वतःचं लक्षही नव्हतं. मला आता डोळे मिटले तरी सांगता आलं असतं. अर्थात मी मिटले नाहीत.

हे सगळं काकांच्या भाषेत "छोटं संगीत". गेलिक, म्हणजे त्या डोंगराळ मुलखाच्या जुन्या भाषेत क्योल बेग. मोठं संगीत म्हणजे क्योल मोर, ज्याला पीब्रॉख असंही म्हणतात. पीब्रॉखचा मूळ अर्थ नुसता "पाइप वाजवणं". जणू बाकी सगळं वाजवण्यात जमाच नाही. दहा, पंधरा, कधी वीस मिनिटांची एकेक रचना, एकच वादक.

पहिल्यांदा मी ती ऐकली तेव्हा सपातांकडं बघत राहिले. सपाता काही करेनात. काका खोलीत सावकाश फेऱ्या मारत होते, पण पाऊल लयीवर पडत नव्हतं. चालीची चाल एक आणि माणसाची दुसरी. मी विचारलं, याच्यात पाय कुठंत? ते म्हणाले, "पाय आहेतच. ते फक्त मला इथून तिथं नेतात."

पीब्रॉखची सुरुवात ऊर्लार. या शब्दाचा अर्थ जमीन, घराची भुई. संथ, मोकळी सुरावट, एकेका स्वरावर रेंगाळणारी. मग त्याच भुईवर एकेक बांधकाम. आधी मुख्य स्वर तेवढे ठेवून बाकीचं काढून टाकतात. मग प्रत्येक मुख्य स्वरामागं कणांचा एक ठरलेला झुबका लावतात. त्याला तूरलूअ म्हणतात. पुढच्या फेरीत झुबका आणखी गुंतागुंतीचा, तो क्रूनलूअ. काही रचनांत त्याच्याही पुढं जातात. शेवटी बोटं दिसेनाशी होतात, नुसता ठिणग्यांचा पट्टा. माझं मन साहजिकच ख्यालाकडं धावलं: स्थायी, विस्तार, मग तानांचा पाऊस. पण तुलना लवकर संपते. इथं एकही कण आयत्या वेळी सुचलेला नाही, सगळं शिकलेलं, ठरलेलं. आणि ख्याल द्रुतावर चढून थांबतो. पीब्रॉख तिथं थांबत नाही. ठिणग्या विझतात आणि वादक पुन्हा ऊर्लार वाजवतो, सुरुवातीला होता तसाच. स्वर तेच, पण मधलं सगळं ऐकून झालेलं असतं. आत्याकडं कुणी पाहुणे आले आणि गेले, की ती दार लावून घरात परत यायची आणि दोन मिनिटं रिकाम्या सतरंजीकडं बघत उभी राहायची. ते आठवलं.

पीब्रॉखचेही प्रकार आहेत, पण ते पायांवरून ठरत नाहीत, प्रसंगावरून ठरतात. सलामी, विलाप, माणसं गोळा करायची हाक, लढाईच्या चाली. विलापांना कुणी माणूसच गेलेला लागतो असं नाही. एका जुन्या तलवारीसाठी विलाप आहे, एक वीणेच्या झाडासाठी आहे. एका रचनेचं नाव "मासळी मिळेना", एकीचं "फार दिवस झाले या अवस्थेत". बाळंतपणाची तारीख टळलेल्या लेकीच्या शेवटच्या आठवड्यात हे नाव आमच्या घरात फार चाललं.

हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच चाललं. स्काय बेटावर डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांकडं मॅक्रिमन घराणं वंशपरंपरेनं पाइप वाजवायचं. बोररेग गावी त्यांची शाळा होती, आणि तिथं लांबलांबून शिष्य येऊन राहायचे. घराणं, गुरुगृह, राजाश्रय: आपल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. शिकवायचे बोलांनी. तबल्याला बोल असतात तसे यांचे पाइपचे बोल: हिहारिन, होदिन, असे. स्वर कोणता आणि त्यावर कण कोणते, दोन्ही त्या एका बोलात. 1797 मध्ये कॉलिन कॅम्पबेल नावाच्या पाइपवाल्यानं शेकड्यावर रचना नुसत्या या बोलांत लिहून ठेवल्या, एकही स्वरचिन्ह न वापरता. काका भांडी घासताना हे बोल म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, काहीतरी मंत्र म्हणतायत. मग मी त्यांना "धा तिरकिट धा" म्हणून दाखवलं आणि ताटं तशीच सिंकमध्ये राहिली.

त्यातल्या एका माणसाबद्दल मी अजून विचार करते. जोसेफ मॅकडोनाल्ड, स्कॉटलंडच्या पार उत्तरेचा, विशीतला. 1760 मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी जहाजात बसला आणि समुद्रावर असतानाच बॅगपाइपच्या बोटांबद्दल एक पुस्तक लिहायला घेतलं: कुठलं बोट कधी उचलायचं, कोणता कण कुठं, चालींचे प्रकार कोणते. घर मागं पडत होतं तसतसं तो घरातलं वाद्य कागदावर उतरवत होता. हिंदुस्थानात पोचल्यावर काही वर्षांतच तो तापानं गेला. हस्तलिखित मात्र परत गेलं, आणि 1803 मध्ये त्याच्या पाद्री भावानं ते छापलं. आज जुन्या पीब्रॉखच्या बोटांबद्दल काही खात्रीनं बोलायचं तर त्या पुस्तकापाशी जावंच लागतं. त्या जहाजाच्या वाटेनं उलट दिशेला मी लाडवांचा डबा घेऊन गेले होते. माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं, निदान तेव्हा.

ऑक्टोबरात निघायच्या आदल्या दिवशी काकांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. सरावाचा बारीक चँटर घरात ठेवला आणि पूर्ण पाइप बाहेर काढला. एवढ्या महिन्यांत तो मी त्यांच्याकडून क्वचितच ऐकला होता. चार मजल्यांच्या चौकात तो आवाज म्हणजे भिंती आत येतात. खिडक्या उघडल्या. कुणी ओरडलं नाही. लेक बाळाला शालीत गुंडाळून दारात उभी राहिली.

आधी त्यांनी ड्रोन लावल्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, पाच. थांबले, एक सरकवली, पुन्हा. मग ऊर्लार. रचनेचं नाव "म्हातारीची अंगाई". माझ्याकडं बघून त्यांनी भुवया उडवल्या, तेवढाच विनोद. ते वाजवत सावकाश चौकाच्या एका भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. मी या वेळी पायांकडं बघितलं नाही. तूरलूअ आला, क्रूनलूअ आला, बोटं धूसर झाली, आणि मग पुन्हा तीच संथ भुई. शेवटी पिशवीतून उरलेली हवा गेली तेव्हा तिन्ही ड्रोन किंचित खाली घसरल्या आणि बंद पडल्या. बाळ मधल्या कधीतरी झोपलं होतं; ते अंगाईमुळं की दूध पिऊन पोट भरल्यामुळं, ते त्याचं त्याला माहीत.

सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलं, ड्रोन लावण्यासकट, आणि रात्री मिरजेला आत्याला पाठवलं. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, कानाला यंत्र आहे, पण सूर अजून सुटत नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर तिचा फोन आला.

"ऐकलं गं सगळं," आत्या म्हणाली. "तंबोरा फार सुरेख लागलाय. गाणं कधी सुरू होतं?"

"अगं आत्या," मी म्हटलं, "ते संपलं."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "थांब, परत लावते."